मातृवृक्षाची चौकशी

अहिल्यानगर सोडून मनमाडच्या रस्त्याला लागावे, विळदचा घाट उतरावा, वांबोरीचा फाटा मागे टाकावा. मग राहुरीच्या अलीकडे महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे विस्तीर्ण क्षेत्र लागते. पुढे मुळा नदीवरचा पूल, पुलापलीकडे राहुरी, आणि त्याच्याही पुढे ‘राहुरी फॅक्टरी’ याच नावाने ओळखले जाणारे कारखान्याचे गाव. बारागाव नांदूर येथे मुळेवर धरण आहे. त्याच्या जलाशयाला ज्ञानेश्वर सागर म्हणतात. धरणाचे पाणी कालव्यांतून खेळू लागले आणि बाजरीच्या या मुलखात ऊस उभा राहिला. थंडीच्या दिवसांत या रस्त्याने जाणाऱ्याला उसाच्या ट्रॉल्यांमागे रखडणे चुकत नाही.

माझी आत्या या भागात दिलेली. त्यामुळे राहुरी मला लहानपणापासून सुट्टीचे गाव म्हणून ठाऊक. गेल्या पौषात मात्र मी गेलो तो पिशवीत एक कोरी वही घेऊन. आमच्या घराण्यात कोण, कोणत्या वयात आणि कशाने गेले, हे आत्याला विचारून त्या वहीत लिहून घ्यायचे होते. शहाऐंशी वर्षांच्या बाईपुढे बसून मेलेल्यांची चौकशी करणे सुखाचे नव्हे. परंतु ती पुण्यातील एका यकृततज्ज्ञांनी सांगितली होती आणि तीवाचून माझ्या पुतण्याच्या उपचाराचे पाऊल पुढे पडत नव्हते.

पुतण्या एकतीस वर्षांचा. दोन वर्षांपूर्वी त्याला धाप लागू लागली. उभा राहिला की श्वास अपुरा पडे आणि आडवा झाला की बरे वाटे. दम्याच्या माणसाचे नेमके उलट असते, तो उठून बसतो. तपासण्या झाल्या तेव्हा यकृत निबर झालेले, प्लीहा वाढलेली, रक्तातील प्लेटलेट कमी. दारूचे व्यसन नाही, कावीळ ब नाही, क नाही. यकृत बिघडल्यामुळे फुप्फुसांतील सूक्ष्म रक्तवाहिन्या रुंदावतात आणि रक्तात प्राणवायू पुरेसा मिसळत नाही, असा एक विकार आहे. तो त्याला होता. यकृताचे प्रत्यारोपण झाले तर हा विकार बहुधा ओसरतो, असे डॉक्टरांनी सांगितले. त्याची अठ्ठावीस वर्षांची बहीण त्याच दिवशी पुढे झाली. रक्तगट जुळत होता, प्रकृती ठणठणीत होती. घरातील सर्वांनी सुटकेचा श्वास सोडला.

मग त्या डॉक्टरांनी पुतण्याची नखे पाहिली. ती खडबडीत, मधोमध चिरलेली होती. केस बाविसाव्या वर्षीच पांढरे झालेले. वडिलांविषयी विचारले. माझा धाकटा भाऊ चोपन्नाव्या वर्षी फुप्फुसांच्या फायब्रोसिसने गेला होता, म्हणजे फुप्फुसांत चिवट तंतूंचे जाळे होऊन ती आकसली होती. डॉक्टरांनी बहिणीची पुढची तारीख थांबवली आणि टेलोमिअर नावाच्या गोष्टीची तपासणी दोघांनाही लिहून दिली.

आपल्या प्रत्येक पेशीत गुणसूत्रे असतात. चऱ्हाटाचे टोक उसवू नये म्हणून आपण त्याला गाठ मारतो, तशी प्रत्येक गुणसूत्राच्या टोकाला निसर्गाने एक राखण दिलेली आहे. तिला टेलोमिअर म्हणतात. ‘टेलोमिअर’ हा शब्द हर्मन म्युलर या शास्त्रज्ञाने १९३८ साली दिला. त्याच सुमारास बार्बरा मॅक्लिंटॉक ही संशोधिका मक्याच्या झाडावर काम करीत होती. गुणसूत्र तुटले की त्याची उघडी टोके एकमेकांना चिकटतात आणि शाबूत टोके चिकटत नाहीत, हे तिने दाखविले. पेशीचे विभाजन झाले की ही राखण दर वेळी थोडी झिजते. झीज भरून काढणारे टेलोमरेज नावाचे विकर काही पेशींत असते. त्याच्या आणि टेलोमिअरच्या शोधासाठी एलिझाबेथ ब्लॅकबर्न, कॅरोल ग्रायडर आणि जॅक शोस्टाक यांना २००९ साली नोबेल पारितोषिक मिळाले. काही घराण्यांत ही झीज भरून काढणाऱ्या यंत्रणेच्या जनुकातच दोष असतो. तेथे टोके वयाच्या मानाने फार लवकर आखूड होतात. मग ज्या अवयवांच्या पेशींना सतत नव्याने वाढावे लागते किंवा झालेली इजा भरून काढावी लागते, तेथे दोष प्रकट होतो : अस्थिमज्जा, फुप्फुसे, यकृत. एकाच घरात एकाला रक्त कमी, दुसऱ्याला खोकला, तिसऱ्याला जलोदर. आणि तिघांचे मूळ एक असल्याची कोणालाच कल्पना नसते.

अलीकडे ‘टेलोमिअर लांब करणाऱ्या’ गोळ्यांच्या आणि तारुण्य टिकविणाऱ्या चाचण्यांच्या जाहिराती दिसतात. म्हातारपणाने सर्वांचेच टेलोमिअर आखूड होतात. त्या नैसर्गिक गोष्टीचा या आजाराशी संबंध जोडून कोणी पैसे मागत असेल तर वाचकांनी ते देऊ नयेत. ज्यांचे केस तिशीत पिकले, त्यांनीही घाबरू नये. पिकलेले केस हा आजार नव्हे. घरातील इतर गोष्टी त्याच्या जोडीला उभ्या राहतात, तेव्हाच त्याला अर्थ येतो.

राहुरीच्या थांब्यावर आतेभावाचा मुलगा मोटारसायकल घेऊन आला होता. त्याला आधी विद्यापीठात काम होते, म्हणून आम्ही आलेल्या रस्त्याने पुन्हा मागे गेलो. त्याला डाळिंबाची बाग धरायची होती. ‘भगवा’ हे आज सर्वत्र दिसणारे वाण याच विद्यापीठाने दिलेले. रोपवाटिकेच्या सावलीत तो रोपांविषयी बारीकसारीक विचारीत उभा राहिला. परत येताना मी त्याला म्हटले, “रोप हिरवेगार दिसत होते, तरी इतकी चौकशी कसली?”

“काका, रोप कसं दिसतं हे बघून उपयोग नाही,” तो म्हणाला. “गुटी कोणत्या झाडावर बांधली ते बघायचं. त्या बागेत तेल्या असेल तर रोप घेताना काहीच दिसत नाही. आपल्या रानात आलं, दोन पाऊस पडले की डाग दिसायला लागतात. म्हणून आधी मातृवृक्ष विचारायचा.”

तेल्या म्हणजे डाळिंबावरील जिवाणूजन्य करपा. त्याने महाराष्ट्रातील कित्येक बागा उपटायला लावल्या. तो संसर्ग आहे आणि आमच्या घरातला दोष आनुवंशिक, हा भेद मला कळत होता. तरी पुण्याच्या डॉक्टरांनी अर्धा तास खर्चून जे समजाविले होते, ते या मुलाने दोन वाक्यांत सांगितले, असे वाटले.

कारण पुतण्याच्या बहिणीचा अहवाल तोवर आला होता. तिचे टेलोमिअर त्याच्याइतकेच आखूड होते आणि जनुकातील दोषही तोच होता. तिला आज काहीही होत नाही. रक्त, यकृत, छाती, सर्व तपासण्या व्यवस्थित. दात्याच्या नेहमीच्या कसोट्यांवर ती उत्तीर्ण झाली असती. परंतु यकृताचा मोठा भाग दिल्यानंतर दात्याच्या उरलेल्या यकृताला पुन्हा वाढावे लागते, आणि ते वाढते पेशींच्या विभाजनानेच. शिवाय जो भाग भावाला मिळाला असता, तोही त्याच आखूड टोकांचा. अस्थिमज्जेच्या प्रत्यारोपणात तर हा धोका अधिक ठळकपणे पुढे आला आहे. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २००३ साली असे नातेवाईक नोंदविले गेले, की ज्यांच्या शरीरावर एकही खूण नव्हती, रक्तातील पेशी जवळजवळ नेमस्त होत्या, आणि तरीही टेलोमिअर अत्यंत आखूड होते. भावाला भावाची मज्जा सर्वांत चांगली जुळते, म्हणून तीच आधी घेतली जाते. अशा घराण्यांत मात्र त्या भावाची आधी ही तपासणी करणे भाग असते.

अहवाल ऐकल्यावर ती मुलगी रडली ती स्वतःसाठी नव्हे. “मग मी कशाला उरले?” असे तिने आईला विचारले. तिला आता स्वतःची छाती, रक्त आणि यकृत ठरावीक काळाने तपासून घ्यावे लागेल. तोंडात पांढरा चट्टा दिसला तर दुर्लक्ष करता येणार नाही, कारण या आजारात तोंडाच्या व घशाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. तंबाखू, मिसरी, सिगारेट यांना घरात थारा नाही. हे सारे महत्त्वाचे आहे. पण भावाला देता येत नाही याचे दुःख त्याहून मोठे होते आणि त्यावर कोणाकडे औषध नव्हते.

बारागाव नांदूरच्या रस्त्याला आत्याची वस्ती आहे. वाटेत एका बाजूला लागणीचा ऊस, दुसऱ्या बाजूला खोडवा आणि पलीकडच्या तुकड्यात निडवा उभा होता. लागणीचा ऊस तुटला की त्याच बुडख्यांतून खोडवा फुटतो. तो तुटला की निडवा. मूळ तेच, पण निडवा बघितला की पेरे आखूड आणि उतारा कमी. चांगला शेतकरी म्हणूनच ठरावीक काळाने बेणे बदलतो. टेलोमिअरच्या आजारात पिढ्यांचे असेच काहीसे होते. सदोष जनुकाबरोबर आखूड झालेली टोकेही पुढच्या पिढीला मिळतात, म्हणून आजोबांना साठी-सत्तरीत झालेला त्रास मुलाला पन्नाशीत आणि नातवाला तिशीत गाठू शकतो. माणसाला बेणे बदलता येत नाही, एवढाच फरक.

आत्या पडवीत ऊन खात बसली होती. कान थोडे गेले आहेत, स्मरण लख्ख आहे. चहा झाल्यावर मी वही उघडली. तिला सनावळी येत नाही, पण तिच्याजवळ स्वतःचे पंचांग आहे : बहात्तरचा दुष्काळ, धरणाचे काम, कोयनेचा भूकंप, कोणाचे बारसे. याच तालुक्यातील ताहराबादला अठराव्या शतकात महिपती नावाचे कुलकर्णी राहिले आणि त्यांनी ठिकठिकाणच्या संतांच्या कथा जमवून ‘भक्तविजय’ रचला. हा भागच सांगणाऱ्यांचा आणि लिहून घेणाऱ्यांचा असावा, असा एक विचार मनात आला आणि मी पेन सरसावले.

“तुझे आजोबा बहात्तरच्या दुष्काळात गेले. दमा होता.”

“आत्या, दमा लहानपणापासून होता का?”

“छे रे. पासष्टीपर्यंत नांगर धरायचे. मग कोरडा खोकला लागला. कफ पडायचा नाही. दोन वर्षांत पाय उचलेना.”

माझे वडीलही पासष्टाव्या वर्षी ‘दम्याने’च गेले, १९९९ साल. तेव्हा आम्ही दम्याचे पंप आणले, काढे केले. कोरडा खोकला, चालताना धाप, बोटांची टोके फुगीर. आज ही लक्षणे वाचली की वाटते, तो दमा नसावा. आजोबांचे, वडिलांचे आणि माझे केस पंचविशीच्या आत पांढरे झाले. आमच्याकडे त्याचा अभिमानच होता. लग्नात जावई म्हाताऱ्यासारखा दिसतो, अशी थट्टा होई आणि आम्ही ती मिरवीत असू.

“आणि धाकटे काका?” मी विचारले.

आत्या गप्प झाली. आमच्या घरात या काकांचे नाव कधी निघत नसे. मी आठ वर्षांचा असताना ते गेले. रक्ताची उलटी झाली एवढे मला आठवत होते. चोरून दारू प्यायचे, तिनेच आतडी जळाली, असे मोठी माणसे म्हणत. त्यांच्यासाठी पाहिलेले स्थळ त्यापूर्वीच मोडले होते.

“भूकंप झाला त्याच थंडीत,” ती म्हणाली. “चोवीस वर्षांचा होता. पोट फुगलं होतं, पाय सुजले होते. मी माहेरी गेले होते. उलटी झाली तेव्हा डोकं माझ्या मांडीवर होतं. अरे, तो दारूला शिवला नव्हता. मी सांगत होते सगळ्यांना. कोणी ऐकलं नाही. तुझ्या आजोबांनी मरेपर्यंत त्याचं नाव घेतलं नाही.”

यकृत निबर झाले की त्यातून वाहणारे रक्त अडते, अन्ननलिकेच्या तळाशी शिरा फुगतात आणि एखादी फुटली की अशी उलटी होते. त्याला दारूच कारण असावी लागते असे नाही. पुतण्याच्या अन्ननलिकेत अशाच शिरा दिसल्या होत्या. दुर्बिणीतून रबरी कडी बसवून त्या वेळीच बांधता आल्या. मी आत्याला हे सांगितले. तिने ते दोनदा सांगायला लावले.

मग तिने विचारले, “माझं यकृत चालेल का त्याला?”

शहाऐंशी वर्षांच्या माणसाला जिवंतपणी अवयव देता येत नाही, असे मी सांगितले. तिचे केस साठीपर्यंत काळे होते, फुप्फुसे आजही साफ आहेत. तिला बहुधा तो दोष मिळालाच नाही आणि म्हणून तो तिच्या मुलांकडेही गेला नसावा. हा माझा तर्क. निर्णय तपासणीनेच होतो. तिचा नातू, जो मला रोपवाटिकेत घेऊन गेला होता, तो तेवढ्यात म्हणाला, “मग माझं घ्या.” त्याला कायदा समजावून सांगावा लागला. अवयव प्रत्यारोपणाचा आपला कायदा १९९४ चा. २०११ मध्ये त्यात दुरुस्ती झाली. जवळचे नातेवाईक म्हणून त्यात पती-पत्नी, आई-वडील, मुले, भावंडे, आजी-आजोबा आणि नातवंडे येतात. आतेभावाचा मुलगा त्यांत बसत नाही. त्याला प्राधिकार समितीपुढे जाऊन, देणे स्वेच्छेचे आहे आणि त्यात पैशाचा व्यवहार नाही, हे सिद्ध करावे लागते. दार बंद नाही, पण लांबचे आहे.

जवळचे दार निराळेच निघाले. माझी भावजय, म्हणजे पुतण्याची आई, त्रेपन्न वर्षांची आहे. दोष आला तो आमच्या रक्तातून. ती दुसऱ्या घराण्यातून आलेली. आमच्या घरात ज्यांना आपण ‘परक्या घरची’ म्हणतो, त्यांच्याच शरीरावर आता भरवसा ठेवता येतो, हे मला डॉक्टरांच्या खोलीतच उमजले होते. मात्र एक गोष्ट मनाला टोचते. आपल्या देशात जिवंतपणी अवयव देणाऱ्यांत बहुसंख्य स्त्रिया असतात, आणि त्यांतील कितीजणींना ‘नाही’ म्हणण्याची खरी मुभा असते, हे कोणी विचारीत नाही. भावजयीशी डॉक्टर एकटीने बोलले, आम्हांला बाहेर बसवून. ते योग्यच झाले. ती हो म्हणाली आहे. तिच्या तपासण्या चालू आहेत. त्याच वेळी पुतण्याचे नाव मरणोत्तर दानाच्या प्रतीक्षायादीतही घातले आहे. महाराष्ट्रात ही यादी मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्रांमार्फत चालते. ज्येष्ठांसाठी एक गोष्ट येथेच सांगतो : मरणोत्तर दानातील अवयव मिळावा म्हणून नाव नोंदविण्यास पूर्वी असलेली ६५ वर्षांची मर्यादा २०२३ मध्ये केंद्र सरकारने काढून टाकली.

प्रत्यारोपणाने घराण्याचा दोष जात नाही. आंब्याच्या कोय कलमात खुंट एकाचा आणि काडी दुसऱ्याची; काडीवर काडीच्याच जातीचा आंबा लागतो, खुंट आपला तोच राहतो. तसे नवे यकृत दात्याच्या टोकांचे, पण मज्जा आणि फुप्फुसे मूळचीच. शिवाय झाडे परकी काडी सामावून घेतात. माणसाचे शरीर परका अवयव नाकारते, म्हणून प्रतिकारशक्ती दडपणारी औषधे आयुष्यभर घ्यावी लागतात. त्यांतील ॲझाथायोप्रीन आणि मायकोफेनोलेट ही औषधे, तसेच विषाणूसंसर्ग टाळण्यासाठी दिले जाणारे व्हॅलगॅन्सायक्लोव्हिर, आधीच दुबळ्या मज्जेला आणखी दाबतात. टेलोमिअरचे निदान प्रत्यारोपणाआधी झाले असेल तर डॉक्टर मात्रा बेताने ठरवतात, रक्तपेशींवर बारीक लक्ष ठेवतात. निदान झाले नसेल तर शस्त्रक्रिया उत्तम होऊनही पुढे पेशी का घसरतात, याचा शोध घेण्यात मोलाचे दिवस जातात. मज्जेचेच प्रत्यारोपण करायचे असेल तर त्याआधीची केमोथेरपी सौम्य ठेवतात आणि किरणोत्सर्ग शक्यतो टाळतात, कारण या रुग्णांची फुप्फुसे आणि यकृत तो मारा सोसत नाहीत. ज्यांच्या घरी असा रुग्ण आहे त्यांनी फाइलच्या पहिल्या पानावर हे निदान ठळक अक्षरांत लिहून ठेवावे आणि प्रत्येक नव्या डॉक्टरांना दाखवावे. आम्ही तसे केले आहे.

माझ्याही रक्ताचा नमुना गेला आहे. वडिलांकडून दोष येण्याची शक्यता निम्मी. अहवाल यायचा आहे. मला दोन मुलगे आहेत. दोघांनाही मी अजून आग्रह केलेला नाही, जनुकतज्ज्ञांशी बोलून त्यांनीच ठरवावे.

“माझं काहीच चालणार नाही का मग?” आत्याने पुन्हा विचारले. डोळे चालतील, मी म्हणालो. नेत्रदानाला वयाची अट नाही. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत नेत्रपेढीला कळवावे लागते, एवढेच. तिने नातवाकडे बोट दाखवून त्याला ते ध्यानात ठेवायला सांगितले.

संध्याकाळी निघताना तिने वही मागितली. तिला दूरचे नीट दिसत नाही, जवळचे दिसते. धाकट्या काकांच्या नावापुढे मी ‘वय २४, १९६७, रक्ताची उलटी’ एवढेच लिहिले होते. “पुढे लिही,” ती म्हणाली. मी लिहिले : दारू पीत नव्हते. तिने ती ओळ बोट ठेवून वाचली. मग आत जाऊन ट्रंकेच्या तळातून पोस्टकार्डाएवढा एक फोटो आणला. काकांचा एकच फोटो राहिला आहे; कॉलेजात असताना काढलेला. कोट, गळाबंद गुंडी, मिसरूड नुकतीच फुटलेली, आणि त्या विशीतल्या चेहऱ्यावर केस पांढरेशुभ्र. मी पडवीतल्या उजेडात मोबाइलने त्याचे छायाचित्र घेतले आणि पुण्याला पाठवून दिले.